दिल्लीच्या बजेटमधला पैसा आपल्या सिटी बसपर्यंत आणायचा कसा

आमच्या शहरातल्या जुन्या डेपोच्या भिंतीवरून एकदा आत डोकावलो तर रांगेत सिटी बसेस उभ्या, काहींना चाकं नाहीत, खाली विटा लावलेल्या आणि गवत पार दरवाजापर्यंत आलेलं. वॉचमनला विचारलं तर म्हणाला सरकारी योजनेतून आलेल्या, स्पेअर पार्ट नाहीत म्हणून उभ्या. बाहेर स्टॉपवर माझी आई पाऊण तासापासून थांबली होती. तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न, गाडी घ्यायला पैसे होते मग पळवायला का नव्हते? शहराचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण हे चित्र एका गावाचं नाहीये.

या प्रश्नामागे लागून जे कळलं ते लिहितोय, आणि नुसती माहिती म्हणून नाही तर कृती म्हणून. केंद्र सरकार शहरी वाहतुकीला जो पैसा देतं त्याची पद्धत बदलायला हवी, आणि ती मागणी कुणीतरी तज्ज्ञाने करायची गोष्ट नसून रोज बसने जाणाऱ्या माणसाने करायची गोष्ट आहे. चार-पाच जणांचा ग्रुप आणि आठवड्याचे दोन तास एवढ्यावर सुरुवात होते.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा की सिटी बस नेमकी कुणाची जबाबदारी हेच आपल्याकडे नीट लिहिलेलं नाहीये. 74 वी घटनादुरुस्ती झाली, बाराव्या परिशिष्टात महापालिकांकडे द्यायच्या 18 कामांची यादी आली, त्यात रस्ते-पूल आहेत, दिवाबत्ती आहे, पार्किंग आहे, अगदी बसथांबेसुद्धा आहेत, पण बस नाही! म्हणजे थांबा पालिकेचा आणि त्या थांब्यावर येणारी गाडी कुणाची याचं उत्तर प्रत्येक शहरात वेगळं. मुंबईत बेस्ट महापालिकेचा उपक्रम, पुण्यात 2007 साली पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी, कोल्हापुरात केएमटी, नाशकात 2021 पासून पालिकेच्या कंपनीची सिटीलिंक. तुमच्या शहरात कोण चालवतं, गाड्या स्वतःच्या किती आणि ठेकेदाराच्या किती, एवढं पहिल्या आठवड्यात शोधून काढा. हे माहीत नसताना पत्र पाठवलं तर ते या टेबलवरून त्या टेबलवर फिरत राहतं.

मग दुसरा शब्द शिकायचा, संचलन तूट. गाडी चालवायला येणारा खर्च वजा तिकीट-पास-जाहिरातीतून आलेलं उत्पन्न म्हणजे ही तूट. पुण्यात ही तूट पुणे मनपा 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवड 40 टक्के अशी भरून देतात. लोक ‘बस तोट्यात आहे’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात दुकानाचा तोटा असतो, पण उड्डाणपुलाला कुणी विचारत नाही की बाबा तू फायद्यात आहेस का. बसची तूट हा शहराने स्वतःच्या हालचालीवर केलेला खर्च आहे, हे वाक्य मी प्रत्येक बैठकीत बोलतो आणि तुम्हीही बोला.

आता दिल्लीकडे वळू. डिसेंबर 2005 मध्ये शहरांच्या सुविधांना पैसा देणारी केंद्राची योजना जेएनएनयूआरएम आली, 2006 मध्ये राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण आलं, त्याचा गाभा होता वाहनं नाही तर माणसं हलवायची. मग जागतिक मंदी आली आणि 2009 च्या सुरुवातीला मंदीवरचा उपाय म्हणून केंद्राने शहरांना बस घ्यायला पैसे दिले, देशभरात साधारण 15 हजार बसेस मंजूर झाल्या. 40 लाखांवर लोकसंख्येच्या शहरांना गाडीच्या किमतीच्या 35 टक्के, 10 ते 40 लाखांच्या शहरांना 50 टक्के, आणि त्याहून लहान बहुतेक शहरांना 80 टक्के. ज्या गावांनी कधी सिटी बस पाहिली नव्हती तिथे नव्या कोऱ्या गाड्या आल्या. पण हे सगळं खरेदीसाठी. ड्रायव्हरचा पगार, डिझेल, टायर, वर्कशॉप यासाठी केंद्राकडून काही नाही, आणि लहान पालिकांकडे तर मेकॅनिकही नव्हते. पुढे बऱ्याच ठिकाणी काय झालं ते डेपोच्या भिंतीवरून दिसतं.

ही चूक फक्त आपलीच नाहीये. अमेरिकेत तर 1998 च्या कायद्यापासून दोन लाखांवरच्या शहरांना केंद्राचा नेहमीचा पैसा गाड्या आणि बांधकामाला मिळतो, रोजच्या चालवण्याला बहुतेक नाहीच. उलट फ्रान्समध्ये अकरा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कंपन्यांकडून पगाराच्या प्रमाणात वाहतूक कर घेतात, 1971 मध्ये पॅरिसपासून सुरू झाला, आणि तो पैसा गाड्या चालवायलाही वापरता येतो. आपण मागायचं ते हे दुसरं, गाडी चालवायचा पैसा.

आणि चांगली गोष्ट अशी की आपल्याकडे एक दार उघडलंय. 16 ऑगस्ट 2023 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम ई-बस सेवा मंजूर केली, 10 हजार इलेक्ट्रिक बसेस, एकूण अंदाज 57,613 कोटी, त्यातले केंद्राचे 20 हजार कोटी. यातली खरी नवी गोष्ट ‘इलेक्ट्रिक’ नाहीये. नवी गोष्ट ही की केंद्र गाडी विकत घ्यायला नाही तर गाडी पळेल तेवढ्या किलोमीटरला पैसे देतं, आणि ते 10 वर्षं. 12 मीटरच्या मोठ्या बसला किलोमीटरमागे 24 रुपये, 9 मीटरच्या मिडीला 22, 7 मीटरच्या मिनीला 20. गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, पालिका त्याला ठरलेला प्रति किमी दर देते आणि तिकिटाचे पैसे पालिकेकडे येतात.

हे गणित कागदावर एकदा स्वतः करा, त्याशिवाय बैठकीत तोंड उघडता येत नाही. मोठी बस दिवसाला 200 किमी धरा. 24 गुणिले 200 म्हणजे 4,800 रुपये रोज, वर्षाचे 17 लाख 52 हजार. हा एका बसमागे केंद्राचा हात. आता समजा ठेकेदाराचा दर 60 रुपये ठरला (तुमच्या शहराचा खरा आकडा करारात असेल, हा फक्त उदाहरणाला धरलाय) आणि तिकिटातून किमीमागे 22 सुटतात, तर 60 वजा 24 वजा 22 म्हणजे 14 रुपये पालिकेच्या खिशातून. 200 किमी, 365 दिवस, तर एका बसला वर्षाला सव्वादहा लाखांच्या आसपास आणि 100 बसला दहा कोटींच्या वर. कंडक्टर वेगळा, डेपोचा खर्च वेगळा. नगरसेवकासमोर हे ठेवलं की तो एकदम वेगळ्या पद्धतीने ऐकायला लागतो, कारण ‘बस वाढवा’ ही मागणी त्याने हजार वेळा ऐकलेली असते, ‘दहा कोटींची तरतूद करा, बाकी तिकिटातून आणि केंद्राकडून येतंय’ ही नाही.

योजनेत अडकतं कुठे तेही माहीत पाहिजे. लोकसंख्येची अट 2011 च्या जनगणनेवर, साधारण 3 लाख ते 40 लाख. त्यामुळे सातारा, रत्नागिरी अशी गावं बाहेर, आणि 2011 नंतर जी शहरं फुगली त्यांची गर्दी हिशोबातच नाही. दुसरं, राज्याला रिझर्व्ह बँकेकडे एक हमीपत्र द्यावं लागतं की शहराने ठेकेदाराचे पैसे थकवले तर ते थेट राज्याच्या खात्यातून वळते होतील. मागे शहरांनी बिलं थकवल्यामुळे बस कंपन्या घाबरलेल्या असतात म्हणून ही अट, आणि सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने त्यासाठी 3,435 कोटींची वेगळी व्यवस्थाही मंजूर केली. तुमच्या शहराच्या बसेस ‘मंजूर’ असून येत नसतील तर बहुतेक वेळा डेपोची जागा, विजेची जोडणी नाहीतर हे हमीपत्र यातलं काहीतरी एक अडलेलं असतं. नेमकं काय ते विचारा. 40 लाखांवरच्या नऊ महानगरांसाठी, त्यात आपली मुंबई आणि पुणे, पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या इलेक्ट्रिक वाहनांच्या योजनेतून 14,028 ई-बसेसना 4,391 कोटी ठेवलेत, पण ते पुन्हा गाडीच्या किमतीवरचं अनुदान आहे, चालवायला नाही.

आता बजेट वाचायला बसू. घाबरू नका, पूर्ण बजेट कुणीच वाचत नाही. केंद्राच्या बजेटच्या साइटवर खर्चाच्या भागात मंत्रालयानुसार मागण्या असतात, त्यात गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालय शोधा, दोन-चार पानांची फाईल उघडेल. त्यात दोन ओळी बघायच्या, एक मेट्रो आणि जलद वाहतूक प्रकल्पांची आणि दुसरी पीएम ई-बस सेवेची. 2025-26 च्या अंदाजात पहिलीसमोर 31 हजार कोटींच्या वर आणि दुसरीसमोर 1,310 कोटी. म्हणजे जवळजवळ 24 पट फरक. पण हा आकडा तसाच व्हॉट्सअपवर टाकू नका, कुणी जाणकार भेटला तर तिथेच अडवेल, कारण मेट्रोच्या रकमेत परदेशी कर्जं केंद्रामार्फत पुढे दिलेलीही धरलेली असतात आणि भागभांडवलही असतं. हे स्वतःहून सांगा, मग पुढचं म्हणणं लोक ऐकतात. ही कर्जं वजा केली तरी फरक मोठाच उरतो.

प्रत्येक ओळीसमोर वेगवेगळ्या वर्षांचे रकाने असतात. गेल्या वर्षी खरंच झालेला खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. पेपरात नेहमी शेवटचा छापून येतो. तुम्ही मात्र बसच्या ओळीत मूळ आणि सुधारित अंदाज शेजारी ठेवून बघा. सुधारितमध्ये रक्कम खाली आली असेल तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा पैसे ठेवले होते पण शहरांनी उचलले नाहीत, आणि मग प्रश्न दिल्लीला नाही तर आपल्या पालिकेला आणि राज्याच्या नगरविकास खात्याला विचारायचा असतो.

मी मेट्रोच्या विरोधात नाहीये, हे स्पष्ट लिहितो कारण दर वेळी चर्चा त्याच खड्ड्यात जाते. पुण्याचा पहिला टप्पा डिसेंबर 2016 मध्ये 11,420 कोटींना मंजूर झाला, 31 किमीच्या आसपास, म्हणजे मंजुरीच्या वेळीच किमीला साडेतीनशे कोटींच्या वर. ती मेट्रो आता आहे, मी पण जातो. पण स्टेशनवर उतरल्यावर पुढे जायला बस नसेल तर माणूस दुसऱ्या दिवशी परत स्कूटर काढतो. गंमत नाही, हे केंद्राच्या 2017 च्या मेट्रो धोरणातच लिहिलंय की स्टेशनच्या आजूबाजूच्या पाच किमी पट्ट्यात फीडर सेवा (म्हणजे स्टेशनपर्यंत ने-आण करणाऱ्या बसेस) आणि पायी-सायकलची सोय करायची हमी राज्याने प्रकल्प अहवालातच द्यायची. तुमच्या शहरात मेट्रो असेल किंवा येऊ घातली असेल तर तो अहवाल मागवा, फीडरचं प्रकरण उघडा, किती बसेस लिहिल्यात आणि प्रत्यक्षात किती धावतात ते शेजारी शेजारी लिहा. हा एवढा एक तक्ता दहा निवेदनांच्या बरोबरीचा आहे.

माहिती अधिकार लागणारच. महाराष्ट्रात अर्जाला 10 रुपये, विषय एकच आणि 150 शब्दांच्या आत, उत्तर 30 दिवसांत. शब्दमर्यादेमुळे लोकांचे अर्ज परत येतात म्हणून मोजून लिहा. मी साधारण असं लिहितो:

‘विषय: शहर बस सेवेसाठी केंद्र सरकारकडून मिळालेला निधी. कालावधी: मागील पाच आर्थिक वर्षे. कृपया पुढील माहिती द्यावी. केंद्राच्या कोणत्या योजनेतून किती बसेस मंजूर झाल्या, त्यापैकी किती प्राप्त झाल्या व आज रोजी किती मार्गावर आहेत. प्रत्येक वर्षी प्राप्त निधी व खर्च. बस पुरवठादारासोबतच्या कराराची प्रत व प्रति किमी दर. दरमहा नियोजित किमी व प्रत्यक्ष झालेले किमी. रद्द फेऱ्यांची संख्या, कारणासह.’

नियोजित आणि प्रत्यक्ष किलोमीटर ही जोडी विसरू नका, सगळा जीव त्यात आहे. ‘का’ असा प्रश्न अर्जात लिहू नका, कारणं मागितली की उत्तर टाळायला जागा मिळते, कागद मागा. ‘कारणासह’ चालतं कारण रद्द फेरीचं कारण डेपोच्या नोंदीत लिहिलेलं असतं. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील. केंद्राच्या मंत्रालयाला अर्ज मात्र ऑनलाइन जातो, तिथे मर्यादा 500 शब्दांची आहे.

कागद हातात आले की मागण्या ठरवायच्या, आणि त्या थोड्याच ठेवा. माझ्या मते सगळ्यात मोठी मागणी एकच, प्रति किमी मदत ही एका योजनेची मेहेरबानी न राहता कायमची व्यवस्था व्हावी, गाडी इलेक्ट्रिक असो की सीएनजी, ठेकेदाराची असो की महामंडळाची स्वतःची, आणि पैसे खरंच धावलेल्या किलोमीटरला मिळावेत म्हणजे डेपोत उभी बस दाखवून कुणी निधी घेणार नाही. तिकीट यंत्र आणि जीपीएसमुळे हे आज मोजता येतं, 2009 ला अवघड होतं.

दुसरी मागणी जरा किचकट वाटेल पण ती समजून घ्या. केंद्राची एक अधिकृत यादी आहे, कशाला पायाभूत सुविधा म्हणायचं त्याची. यादीत नाव असलं की लांब मुदतीचं स्वस्त कर्ज मिळायला मदत होते. या यादीत शहरी सार्वजनिक वाहतूक आहे, पण कंसात अट आहे की रस्त्यावरच्या वाहतुकीतल्या गाड्या सोडून. म्हणजे मेट्रोचा डबा पायाभूत सुविधा आणि बस मात्र नाही! बसचं इन्फ्रास्ट्रक्चर म्हणजे बसच ना, तिला रूळ कुठे असतात. ही अट काढा, एवढी एका ओळीची दुरुस्ती आहे, तिला नवा पैसा पण लागत नाही. आणि हेच करांचं, सप्टेंबर 2025 पर्यंत साध्या बसवर 28 टक्के जीएसटी होता, आता 18 झालाय, आणि इलेक्ट्रिक मोटारीवर, जी एका घरापुरती, तिच्यावर 5. सार्वजनिक सेवेत धावणाऱ्या बसवर तरी 5 करा असं मागता येतं.

बाकी मग स्थानिक. जनगणनेची नवी आकडेवारी येईपर्यंत वाढलेल्या शहरांना अंदाजित लोकसंख्येवर पात्र धरा. केंद्राच्याच सेवा निकषात चांगल्या शहरासाठी हजार माणसांमागे 0.6 बस म्हटलंय, म्हणजे लाखाला 60, पाच लाखांच्या शहराला 300. आपल्याकडे किती हे मोजून पत्राच्या पहिल्या ओळीत टाका. आणि मुंबई, ठाणे, पुणे, नागपूरकरांनी 2022 पासून घर नोंदणीत मुद्रांक शुल्कासोबत घराच्या किमतीच्या 1 टक्का जो मेट्रो सेस लागतो त्यातला बसला किती मिळतो हे राज्याला विचारा. दिल्लीकडे मागायला जाताना मुंबईतला हिशोब हातात असलेला बरा.

आता हे सगळं कुणाकडे आणि कधी न्यायचं, कारण बरोबर मागणी चुकीच्या महिन्यात गेली की वर्ष वाया जातं. केंद्राचं बजेट 1 फेब्रुवारीला येतं पण मंत्रालयांची आकडेमोड पावसाळा संपता संपता सुरू झालेली असते, म्हणून मंत्रालयाला आणि अर्थखात्याला पत्रं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेली पाहिजेत. जानेवारीत निवेदन देऊन फोटो निघतो, आकडा बदलत नाही. पालिकेचं अंदाजपत्रक साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येतं, तर परिवहनची तरतूद वाढवायची असेल तर डिसेंबरातच आयुक्त आणि परिवहन व्यवस्थापकांना भेटा.

खासदाराला भेटताना ‘लक्ष घाला साहेब’ म्हणून उठू नका. त्यांच्या पीएच्या हातात तयार टाइप केलेला प्रश्न द्या, अगदी अर्ध्या पानाचा: अमुक शहराला पीएम ई-बस सेवेत किती बसेस मंजूर, किती आल्या, किती रक्कम वितरित, विलंब कशामुळे, आणि प्रति किमी मदत इतर बसेसना लागू करण्याचा विचार आहे का. लोकसभेत प्रश्नाची नोटीस किमान 15 दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या त्याच आठवड्यात जा. अतारांकित प्रश्न असला तरी चालतो, लेखी उत्तर मिळतं, आणि ते संसदेतलं लेखी उत्तर पालिकेच्या टेबलावर ठेवलं की आमच्या अनुभवात फाईल हलते. खासदार कुठल्या पक्षाचा याने फरक पडत नाही, आम्ही दोन वेगवेगळ्या पक्षांच्या खासदारांना तोच कागद दिला होता.

एक जागा बहुतेक लोक विसरतात ती म्हणजे संसदेची शहरी व्यवहारांची स्थायी समिती. 31 सदस्य असतात, 21 लोकसभेचे, 10 राज्यसभेचे, आणि बजेटनंतरच्या सुट्टीत ती मंत्रालयाच्या मागण्या ओळीओळीने तपासते, मंत्रालयाला ‘पैसे का खर्च झाले नाहीत’ असं लेखी विचारते. सदस्यांची यादी संसदेच्या साइटवर असते, महाराष्ट्रातलं कुणी आहे का बघा, त्यांना फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तुमचा तक्ता पाठवा. दोन पानांपेक्षा जास्त नको.

आणि एक काम रोजचं. स्टॉपवर वही ठेवा. कुठल्या नंबरची बस किती वाजता यायची होती, किती वाजता आली, आलीच नाही तर तसं. आमच्याकडे कॉलेजच्या तीन मुली आणि बँकेतून रिटायर झालेले एक काका मिळून दोन महिने हे लिहीत होते, एकाच मार्गाचं. माहिती अधिकारातून आलेल्या ‘प्रत्यक्ष किलोमीटर’शी ती वही जुळवली तेव्हा सकाळच्या फेऱ्या बऱ्यापैकी जुळल्या आणि संध्याकाळी सातनंतरच्या अजिबात जुळेनात. नेमक्या त्या वेळेला कामावरून परतणाऱ्या बायका असतात स्टॉपवर. आम्ही परिवहन व्यवस्थापकांपुढे दोन्ही कागद ठेवले, आवाज न चढवता, तारखेनिशी. कंडक्टर-ड्रायव्हरवर ढकलू नका असंही सांगितलं, कारण तुटलेल्या फेरीचं कारण बहुतेक वेळा डेपोत गाडीच नसणं हे असतं आणि शिव्या मात्र त्यांना पडतात. त्यांच्या संघटनेलाही सोबत घ्या, कुठली गाडी कशामुळे उभी आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

साडेसात आणि सव्वाआठची फेरी महिन्याभरात परत सुरू झाली. आता तीच वही पुढच्या सप्टेंबरच्या पत्राला जोडायची आहे, तेव्हा तुमच्या शहरातल्या एका मार्गाची नोंद उद्यापासून चालू करा, एक मार्ग, एक स्टॉप, संध्याकाळी सहा ते नऊ.